तुम्ही विचारलंत म्हणून: शेतकऱ्याचं नाव आणि ९०१ क्वेऱ्या

सांगलीत माझ्याकडे इंटर्नशिपला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "दादा, ब्लेडमध्ये पट्टी->शेतकरी->नाव असं लिहिलं की नाव येतंय की. मग कंट्रोलरमध्ये 'विथ' कशाला लिहायचं?"

येतंय, खरंच येतंय. अडचण तिथेच आहे. (ब्लेड म्हणजे पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कमध्ये पान मांडायची टेम्प्लेट, कंट्रोलर म्हणजे पानाला लागणारी माहिती गोळा करणारा कोड, आणि 'विथ' म्हणजे जोडलेल्या नोंदी आधीच एकदम मागवणं.)

मी हळदीच्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. सौदा झाला की शेतकऱ्याच्या नावे पट्टी निघते: पोती किती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाता हातात काय. संध्याकाळी दिवाणजी दिवसभराच्या पट्ट्यांचं एकच पान उघडतात. ते पान मी केलं तेव्हा चाचणीला दहा पट्ट्या होत्या, पान झटकन यायचं. फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली, एका दिवसात तीनशे पट्ट्या झाल्या आणि पान लवकर उघडेना. दिवाणजी माउस धरून बसलेले, बाहेर शेतकरी पट्टीसाठी थांबलेले, त्यातल्या एकाची शेवटची एसटी सुटायच्या बेतात. तेव्हापासून हा प्रश्न कुणी विचारला की मी हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर देतो.

इलोक्वंट म्हणजे लाराव्हेलचा डेटाबेसशी बोलणारा भाग. त्याच्या मॉडेलकडे, म्हणजे एका नोंदीच्या ऑब्जेक्टकडे, 'शेतकरी' मागितला आणि तो आधी आणलेला नसला, तर पीएचपीची गेट ही मॅजिक मेथड मध्ये पडते, तिथल्या तिथे डेटाबेसला क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, पाठवते आणि आलेला शेतकरी त्या पट्टीपाशी ठेवून देते. हेच लेझी लोडिंग. त्याच पट्टीवर पुन्हा मागितलं तर नवी क्वेरी जात नाही. पण पुढची पट्टी म्हणजे वेगळा ऑब्जेक्ट. एकाच शेतकऱ्याच्या चार पट्ट्या असल्या तरी डेटाबेसला चारदा विचारलं जातं. डॉक्ट्रिन या पीएचपीच्याच दुसऱ्या डेटाबेस लायब्ररीत आयडेंटिटी मॅप (आणलेल्या ऑब्जेक्टची नोंदवही) असल्यामुळे तोच शेतकरी दुसऱ्यांदा आणावा लागत नाही. शेतकरी वेगवेगळे असले की मात्र ट्विग या टेम्प्लेटमध्ये 'पट्टी.शेतकरी' लिहिताना येणाऱ्या एका टिंबापायी तिथेही तेवढ्याच फेऱ्या होतात.

माझ्या पानावर शेतकरी, खरेदीदार आणि वजनं अशी तीन नाती, म्हणजे पट्टीला जोडलेल्या नोंदी, होती. पट्ट्यांची १ क्वेरी, वर तीनशे गुणिले तीन, म्हणजे ९०१. एकीला ५ मिलिसेकंद धरले तरी साडेचार सेकंद नुसत्या येण्याजाण्यात. 'विथ' लावल्यावर क्वेऱ्या उरल्या ४: पट्ट्यांची एक आणि प्रत्येक नात्याला एक, सगळे आयडी एकदमच मागणारी. दिवाणजी पट्ट्या लिहायला बसताना खातेवही गादीवर घेऊनच बसतात, दर नावाला उठून कपाटाकडे जात नाहीत. कोणतं पान काय मागणार हे कंट्रोलरला आधीच माहीत असतं, तेव्हा ते आणून ठेवणं त्याचं काम. टेम्प्लेटनं फक्त मांडावं.

'विथ' लावूनही एक चूक हमखास होते. टेम्प्लेटमध्ये पट्टी->वजने ऐवजी पट्टी->वजने()->काउंट() लिहिलं जातं. कंस आला की आधी आणलेलं बाजूला राहतं आणि दरवेळी नवी क्वेरी जाते. पोती नुसती मोजायची असली तर फक्त संख्या आधीच आणणारं 'विथकाउंट' वापरा.

लेझी लोडिंग वाईट आहे असं मात्र मी शिकवत नाही. एकच पट्टी उघडली आणि तिच्या खरेदीदाराचा पत्ता कधीतरीच लागतो, तर लागेल तेव्हा आणणंच बरं. घात होतो तो लूपमध्ये. लाराव्हेलमध्ये २०२१ पासून 'प्रिव्हेंट लेझी लोडिंग' आहे. ते सुरू केलं की यादीतून आलेल्या मॉडेलवर असा परस्पर शेतकरी मागितल्यावर एक्सेप्शन येतं, म्हणजे पान चूक दाखवून थांबतं. एकटी आणलेली पट्टी असली तर ते अडवत नाही, आणि तेच बरोबर आहे. मी ते फक्त आमच्या मशिनवर सुरू ठेवतो, दुकानातल्या सर्व्हरवर नाही. हंगामात पान उशिरा आलेलं चालेल, बंद पडलेलं चालणार नाही.

आता कुठलंही यादीचं पान आलं की मुलांना मी एक टेस्ट लिहायला लावतो: दहा पट्ट्या घालून क्वेऱ्या मोजायच्या, मग तीनशे घालून मोजायच्या. दोन्ही आकडे सारखे आले तरच पान दुकानात जातं.