सिगरेट आणि वेप दोन्ही चालू होतं ते सहा महिने

सिगरेट सुटून चौदा महिने झाले आणि वेप, म्हणजे ई-सिगरेट, सुटून जेमतेम तीन. वेपने खरंच सिगरेट सुटते का असं बरेच जण विचारतात, तर हो, माझी सुटली, पण पहिले सहा महिने मी जे केलं ते कोणी करू नये म्हणून हे लिहितोय.

सतरा वर्षं ओढत होतो, दिवसाला पंधरा तरी व्हायच्याच. निकोटीनची चुइंगम झाली, पॅच झाले, नुसतं मनाच्या जोरावर पण तीनदा सोडून बघितलं, दर वेळी तिसऱ्या दिवशी डोकं फिरायचं आणि पाकीट हातात. (पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात वाईट असतात आणि तीन-चार आठवड्यांत तलफ बरीच उतरते, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.) मग वेप घेतला. विचार सरळ होता, माणसाला अडकवतं ते निकोटीन पण जीव घेतो तो मुख्यतः धूर, त्यात 7000 च्या वर रसायनं आणि त्यातली किमान 70 कॅन्सर करणारी. वेपमध्ये तंबाखू जळत नाही, कॉइल म्हणजे आतली तार तापते आणि निकोटीन मिसळलेल्या लिक्विडची वाफ होते, त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न जवळपास मिटतो. आज चालतात तसली ई-सिगरेट 2003 च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने बनवली, तो स्वतः भरपूर ओढायचा आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. हे वाचल्यावर मला फार धीर आला होता.

आणि मग मी काय केलं तर दोन्ही चालू ठेवलं. घरात वेप, बाहेर सिगरेट. पंधरावरून चारवर आलो आणि वाटलं जिंकलो, आता कसली घाई. नंतर एका मोठ्या अभ्यासाबद्दल वाचलं, 2018 चा, की रोज 20 ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो त्याच्या जवळपास निम्मा रोज 1 ओढणाऱ्यालाही असतो. म्हणजे चारवर येऊन हृदयाला मी समजत होतो तेवढा आराम मिळालाच नव्हता. त्या रात्री झोप नाही लागली.

त्या चारातली सकाळची पहिली काही केल्या सुटत नव्हती. उठल्यावर वेप ओढायचो, दहा-बारा पफ, घशात काहीच लागायचं नाही, छातीत ती भरल्यासारखी जाणीव नाही, आणि पाय आपोआप गॅलरीकडे. नंतर कळलं की मी दर मिलिलिटरला 6 मिलिग्रॅम निकोटीन असलेलं लिक्विड वापरत होतो, कमी निकोटीन म्हणजे चांगलं असं समजून. 18 चं घेतलं आणि चौथ्या दिवशी सकाळची गेली, दोन आठवड्यांत बाकीच्या तिन्ही. सुरुवातीला निकोटीनला घाबरून कमी घ्यायचं आणि उरलेलं सिगरेटमधून भरून काढायचं, ही चूक खूप जण करतात असं मला वाटतं.

पुढची अडचण वेगळीच. सिगरेट संपते, फिल्टरपर्यंत आली की विझवायची आणि आत यायचं. वेप संपतच नाही! काम करताना हातात, अंथरुणात उशीखाली, रात्री दोनला जाग आली तरी एक पफ. इंग्लंडमध्ये 886 जणांवर एक चाचणी झाली होती, 2019 मध्ये छापून आली, वर्षानंतर वेपवाल्यांपैकी 18 टक्के सिगरेटपासून सुटलेले होते आणि पॅच-चुइंगमवाल्यांपैकी 9.9, म्हणजे वेप सरसच, पण वेपने सुटलेल्यांतले 80 टक्के तेव्हाही वेप ओढतच होते. मला ते नको होतं, म्हणून नियम केला की ओढायचं ते फक्त गॅलरीत उभं राहून आणि ओढून झाला की ड्रॉवरमध्ये. मग 18 वरून 12, 6, 3, प्रत्येक पायरीवर दीड-दोन महिने. 12 वरून 6 ला सगळ्यात त्रास झाला, चिडचिड इतकी की घरच्यांनी खूप सहन केलं.

एक मात्र कळकळीने सांगतो, ज्याने कधी सिगरेट ओढली नाही त्याने वेपला हात लावू नये, वर्षानुवर्षं ओढल्यावर काय होतं ते अजून कोणालाच नीट माहीत नाही. काही देशांत तर पूर्ण बंदी आहे, तिथे डॉक्टरकडे जाऊन पॅच-गोळ्यांचं विचारा. आणि कुठलंही अनोळखी लिक्विड भरू नका, 2019 मध्ये अमेरिकेत फुफ्फुसं खराब होऊन लोक गेले ते बहुतेक करून गांजाचा अर्क भरलेल्या वेपच्या भेसळ कार्ट्रिजमुळे.

तीन महिन्यांपूर्वी बॅटरी संपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही. मग चार्जला लावलाच नाही. वेप अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे, टाकून द्यायचा धीर अजून होत नाहीये.