माहेरवाशीण प्लेट: गेनरोकू म्हणता म्हणता मेइजी निघाली

मागच्या वेळी जाम ऐटीत लिहिलं होतं ना, ३१ सेंमीची किनरांदे (लाल-सोनेरी नक्षीची जपानी पोर्सेलीन) प्लेट, जपानच्या गेनरोकू काळातली, म्हणजे १६८८ ते १७०४ मधली, ३८ हजार येनला पदरात पडली म्हणून. शब्द मागे घेतो. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी हुकलोय, प्लेट मेइजीतली (१८६८ ते १९१२) आहे.

चूक काय, तर हारीच्या खुणांवर विसंबलो. कोदाईच्या, म्हणजे तळाच्या कड्याच्या, आत पाच खुणा, चार बाजूंना चार आणि मधे एक, बोट फिरवलं की टोचतात. भाजताना तळ खाली बसू नये म्हणून टेकू लावतात त्याच्या खुणा, चिनी इमारीत (चीनमध्ये केलेल्या या शैलीच्या नकलेत) सहसा नसतात, म्हणून प्लेट आरिताची, म्हणजे जपानमधल्या पोर्सेलीनच्या गावची, इथपर्यंत बरोबर. पण टेकू मेइजीतही लावायचे राव! खुणा गाव सांगतात, वय नाही. आणि ती सहा अक्षरी छाप, 'दाइ मिन सेइका नेनसेइ', सेइका म्हणजे चीनच्या मिंग घराण्यातला बादशहा चंग-ह्वा, १४६५ ते १४८७, आरितावाले ती नुसती शोभेला काढायचे. तिच्यावरून वय काढणं म्हणजे रिक्षामागचं 'जय शिवराय' वाचून रिक्षा १६७४ ची ठरवण्यासारखं.

खरा घोळ निळ्या रंगाचा. समोरून लाल आणि सोनं एवढं चोपडलंय की निळा धड दिसतच नाही, त्यात घरच्या एलईडीखाली सगळे निळे सारखेच. रविवारी सकाळी प्लेट बाल्कनीत उलटी ठेवली आणि २० एक्सच्या लूपने (भिंगाने) कोदाईभोवतीच्या दोन बारीक रेघा बघितल्या. सलग, एकसारख्या, किंचित जांभळट, कुठे पातळ नाही की कुठे साकळलेल्या नाहीत. जुना गोसु (खनिजातला अशुद्ध निळा) असा नसतो हो, तो करडा, धुरकट, ब्रश रेंगाळला तिथे काळपट. हा आयात कोबाल्ट, १८७० मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ वागेनर आरिताला आला त्यानंतर रुळलेला. तरी मन मानेना, मग हाकाताहून मिदोरी एक्सप्रेस गाडी पकडली, आरिताच्या क्यूशू सिरॅमिक म्युझियममध्ये जुन्या आरिता भांड्यांच्या शिबाता कलेक्शनसमोर फोनमधला फोटो धरून तासभर उभा राहिलो. गेनरोकूच्या कपाटाशेजारी माझा निळा प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसत होता. संपला विषय.

वर यूव्ही मारला तर काठावर सुपारीएवढा डाग पांढुरका चमकला, टवका भरून वरून सोनं फिरवलंय. (टॉर्च ३६५ नॅनोमीटरचाच घ्या, ३९५ वाला स्वस्त पडतो पण जांभळ्या उजेडात सगळं बुडतं.) माझ्या हिशेबाने आता १५ हजार, तेही गिऱ्हाईक हौशी असेल तर. विकणाऱ्याने 'सातोगाएरी' अशी चिठ्ठी लावली होती, युरोपला नांदायला जाऊन माहेरी परत आलेली म्हणे. त्या एका शब्दावर भाव चढतो, कागद मात्र एकाकडेही नसतो.

एक गोड बातमी, ५०० येनच्या टोपलीतली बशी! तळाच्या छापेत हिरव्या वेलीच्या कड्यात नीट इंग्रजी एम, खाली निप्पॉन (जपानचंच नाव). बऱ्याच नकली छापांत एमच्या जागी वाळूच्या घड्याळासारखं काहीतरी असतं, हा चक्क एम आहे. म्हणजे बहुधा १९११ ते १९२१ च्या मधली, नंतर अमेरिकेने 'जपान' लिहायला लावलं. दोन दिवस चहा तिच्यातच ओतून प्यायलो.

प्लेट लिलावाला द्यायचा प्लॅन होता, तो... थांबा, लिहिता लिहिता सुचलं. चांगल्या प्लेटा कशाला, काळ माहीत असलेले फुटके तुकडे गोळा करायचे, तळाच्या रेघा असलेले, एकाच उजेडात एकाच कॅमेऱ्याने फोटो, घरचाच निळ्याचा तक्ता. मग ही प्लेट विकायची नाही, मेइजीच्या रांगेतला पहिला नग हीच. २९ एप्रिलपासून आरिताचा तोकी इची (भांड्यांचा बाजार) आहे, तिथे तुकडेच शोधणार. कुणी येतंय का?