धोब्याचा दगड

"ताई, जरा मागं सरका. तुमची सावली पडली की तो येत नाही."

आज सकाळी पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये पाण्याकाठी कॅमेरा घेऊन बसले होते. पालापाचोळा झाडणाऱ्या मावशी बोलल्या. सरकले. दोन मिनिटांत करडा धोबी पक्षी समोरच्या दगडावर! पोटाखाली पिवळा, शेपटी सारखी वरखाली.

"गणपती झाले की येतो, होळीनंतर जातो. दगड हाच."

थेट हिमालयाकडून येणारा पाहुणा. माझ्याकडे त्याचे कितीतरी फोटो आहेत, पण त्याचा ठरलेला दगड मला ठाऊक नव्हता.

मावशींना स्क्रीनवर फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आलाय. पण शेपटी थांबलीये की हो."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात आहे. उद्या कॅमेरा घरीच ठेवू का?