फॅट मागून येते
दूध संकलनाच्या ॲपचा प्रोटोटाइप, म्हणजे प्रोग्रामिंगपूर्वीची चाचणीपुरती प्रतिकृती, घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावच्या दूध संस्थेत मी पहाटे साडेपाचला पोहोचले, तेव्हा डिझाइन जवळजवळ पक्के झाले आहे अशी माझी खात्री होती. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये २२ स्क्रीन एकमेकांना जोडून झाले होते, बटण दाबले की पुढचा स्क्रीन उघडत होता, रंग ठरले होते, आणि पुण्यातील आमच्या कार्यालयात ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्या सर्वांना तो पसंत पडला होता. सुरुवातीला कागदावर काढलेले वायरफ्रेम, म्हणजे स्क्रीनचे कच्चे रेखाटन, मात्र आम्ही एकाही संस्थेत नेले नव्हते. ते आपसांतील चर्चेपुरते आहेत, असेच आम्ही धरून चाललो होतो.

गर्दी सुरू होण्यापूर्वी मी सचिवांच्या हातात फोन दिला. त्यांनी चार स्क्रीन पाहिले आणि "लई झ्याक झालंय, म्याडम," असे म्हणून तो आदबीने परत केला. काही बदल हवा का, असे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारून पाहिले, पण तिन्ही वेळा तेच उत्तर आले. पूर्ण झाल्यासारख्या दिसणाऱ्या कामात खोट काढणे म्हणजे करणाऱ्याला दुखावणे, असे माणसांना मनापासून वाटते; त्यामुळे प्रोटोटाइप जितका देखणा, तितकी त्याच्याविषयी मिळणारी माहिती कमी, हे मी त्यानंतर अनेक ठिकाणी अनुभवले आहे.

सहाच्या सुमारास किटल्या आणि कॅन घेऊन रांग लागली. सभासदाचा कोड सांगायचा, दूध मापात ओतायचे, नमुना लहान बाटलीत घ्यायचा, यंत्राने फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) दाखवले की नोंद करायची आणि पावती द्यायची. यंत्रापाशी बसलेला मुलगा "सहा पाच" असे ओरडला की सचिव रजिस्टरमध्ये ६.५ लिहीत. मधल्या एका सवडीत त्यांनी आमचा फोन हाताळून पाहिला, तेव्हा दुधाने ओल्या झालेल्या त्यांच्या अंगठ्याला स्क्रीनने दाद दिली नाही. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा दाबला आणि फोन बाजूला ठेवून रजिस्टर पुढे ओढले.

सव्वाआठला संकलन संपल्यावर मी पिशवीतून कोरे कागद काढले. पेन्सिलीने फोनएवढ्या चौकटी आखल्या, त्यांत कोड, लिटर, फॅट आणि 'जतन करा' एवढेच लिहिले आणि सचिवांना म्हटले, "काका, आता हाच फोन समजा. तुम्ही बोट ठेवा, मी कागद बदलते." अशा चाचणीत संगणकाचे काम माणूस करतो आणि समोरच्याला ते जराही विचित्र वाटत नाही. पाम कंपनीचा 'पायलट' हा खिशात मावणारा छोटा संगणक १९९६ मध्ये बाजारात येण्यापूर्वी त्याचे निर्माते जेफ हॉकिन्स यांनी त्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगून तो वापरण्याचा सराव केला होता. त्या ठोकळ्यापुढे माझा कागद पुष्कळच बोलका होता.

आम्ही सकाळचेच पहिले दोन सभासद घेतले. पहिल्याचे लिटर लिहून झाले आणि सचिवांनी फॅटच्या रकान्याकडे न पाहता दुसरा कोरा कागद उचलून पहिल्याच्या शेजारी ठेवला. मी म्हणाले, "आधी याचे फॅट भरावे लागेल." ते चटकन म्हणाले, "लिटर झालं की आम्ही थांबत न्हाई, म्याडम. फॅट मागनं येतंय. तवर पुढच्याचं दूध मापात असतंय."

दोन तास मी नेमके हेच पाहत उभी होते, तरी ते माझ्या लक्षात आले नव्हते. आमचा संपूर्ण आराखडा एका वेळी एकच माणूस धरून रचलेला होता: सर्व रकाने भरल्याशिवाय नोंद जतन होत नव्हती आणि जतन झाल्याशिवाय पुढचा कोड उघडत नव्हता. तो ॲप तसाच वापरात आला असता, तर प्रत्येक नमुन्याचा निकाल येईपर्यंत मागची रांग खोळंबली असती, आणि दोष सचिवांच्या संथपणाला दिला गेला असता.

मी पेन्सिल त्यांच्याकडे दिली. त्यांनी कागदाच्या मधोमध आडवी रेघ मारली, वर 'लिटर' आणि खाली 'फॅट' असे लिहिले, आणि खालच्या भागात ज्यांचे फॅट यायचे राहिले आहे त्यांचे कोड एकाखाली एक मांडले. सकाळभर माझ्याशी जेमतेम दोन वाक्ये बोललेले गृहस्थ आता माझ्या हातातील रबर मागून घेऊन स्वतःचेच आकडे खोडत होते. कागदाच्या कोपऱ्यावर दुधाचा डाग पडला होता. मी तो कागद तसाच पुण्याला आणला.

२२ पैकी ९ स्क्रीन आम्ही रद्द केले. प्रोग्रामिंग नुकतेच सुरू झालेले असल्यामुळे नुकसान आठवडाभराच्या कामापुरते राहिले. दहा दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. या वेळचा प्रोटोटाइप मी मुद्दाम राखाडी चौकटींचाच ठेवला होता आणि बटणे बोटभर रुंद केली होती. सचिवांनी फोन हातात घेतला, दोन नोंदी केल्या आणि मान वर करून विचारले, "एकाच माणसानं म्हशीचं न् गाईचं दोन्ही दूध आणलं तर?"

तो स्क्रीन आमच्याकडे नव्हता. मी कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला.