धोप्याचं पान आणि लॅबमधली काच

आज आयटीओच्या काचेवर पाण्याचा थेंब गोल उभा राहिला! आयटीओ म्हणजे इंडियम-टिन ऑक्साइड, मोबाइलच्या स्क्रीनमधला पारदर्शक, वीजवाहक थर. त्यावर फॉस्फॉनिक आम्लाचे लांब, पाणी झिडकारणाऱ्या शेपटीचे रेणू आपोआप रांग धरतात. थराची जाडी जेमतेम २ नॅनोमीटर.

हे रेणू विरघळवायला दोन महिने डीएमएसओ हा द्रावक वापरत होते. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रावक विद्युतभारांमधलं आकर्षण किती कमी करतो ते सांगणारा आकडा) सुमारे ४७, आणि तो स्वतःच काचेला चिकटून जागा अडवतो. थर विरळच राहायचा. मग टीएचएफ हा दुसरा द्रावक घेतला. त्याचा स्थिरांक ७.५ च्या आसपास. त्यात रेणू दाटीनं बसले.

संध्याकाळी एसटीनं गावी आले, तर मागच्या दारी धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावर पावसाचे थेंब तसेच घरंगळत होते. बाबांना दाखवलं.

"म्हंजे काचीवर धोपा उगवला म्हन की व माय!"

सोमवारी आणखी तीन नमुने करून बघणार आहे.