निकाल देणारेही विद्यार्थीच

अमेरिकेत शार्लट्सव्हिल येथील व्हर्जिनिया विद्यापीठात विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर प्रतिज्ञा लिहितो: या परीक्षेत मी कोणाचे साहाय्य घेतलेले नाही आणि कोणाला दिलेलेही नाही. या प्रतिज्ञेची सुरुवात 1842 सालची. त्याआधी दोनच वर्षे, 1840 मध्ये, विधी विषयाचे प्राध्यापक जॉन डेव्हिस यांना एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या आवारातच गोळी घातली होती आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. अशा काळात प्राध्यापकांनी पहारा वाढवण्याऐवजी विद्यार्थ्यांच्या शब्दावर विसंबायचे ठरवले, याचे मला फार मोल वाटते.

भरारी पथके आणि कॉपीमुक्त अभियान पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना इथली पुढची पद्धत अधिकच नवी वाटते. कॉपीचा संशय आला की तक्रार विद्यार्थ्यांनी निवडून दिलेल्या ऑनर (म्हणजे सचोटी) समितीकडे जाते. चौकशी करणारे विद्यार्थी, आरोप झालेल्याला सल्ला देणारे विद्यार्थी आणि दोषी की निर्दोष हे ठरवणारेही विद्यार्थीच. प्राध्यापक तक्रार करू शकतात, साक्ष देऊ शकतात. निकाल मात्र त्यांच्या हाती नसतो. कृत्य घडले का, ते जाणूनबुजून घडले का आणि ते विश्वासाला तडा जाण्याइतके गंभीर आहे का, या प्रश्नांवर सुनावणी चालते.

दीर्घकाळ या व्यवस्थेत दोषी ठरणाऱ्याला एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. 2001 मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी संगणकाच्या मदतीने निबंध ताडून पाहिले, तेव्हा दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांविरुद्ध तक्रारी झाल्या आणि त्यांतल्या चाळीसहून अधिक जणांना अखेर विद्यापीठ सोडावे लागले. एका गृहपाठातल्या कॉपीसाठी आणि विकत घेतलेल्या प्रबंधासाठी सारखीच शिक्षा देणे मला न्यायाचे वाटत नाही. शिक्षा इतकी टोकाची असली की तक्रार करणाऱ्याचा हात अडखळतो आणि निकाल देणाऱ्याचाही. 2013 मध्ये वेळेत कबुली देणाऱ्याला वर्षभराच्या सक्तीच्या रजेनंतर परत येण्याची वाट मिळाली. 2022 मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून सक्तीची हकालपट्टीच रद्द केली, आणि 2023 पासून गुन्ह्याच्या स्वरूपानुसार शिक्षा ठरू लागली. हा बदल विद्यार्थ्यांनीच घडवला, हे महत्त्वाचे आहे.

मात्र आपल्या मुलांच्या दृष्टीने एक बाब अजूनही कठोर आहे. अमेरिकन विद्यार्थी वर्षभराच्या रजेवर गेला तर घरी राहून नोकरी करू शकतो. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला, प्रवेश खंडित झाला की, सामान्यतः देशच सोडावा लागतो. कागदावर शिक्षा एकच असली तरी तिचा भार एकसारखा नसतो, आणि शिक्षा ठरवताना समितीने हे लक्षात घ्यावे असे माझे ठाम मत आहे.

येथे येणाऱ्यांनी प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्यावे की गृहपाठात एकत्र काम कुठपर्यंत चालते, कारण ही मर्यादा विषयागणिक बदलते. आरोप झालाच, तर काहीही लिहून देण्यापूर्वी समितीच्या विद्यार्थी सल्लागाराला भेटावे आणि व्हिसाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात स्वतंत्रपणे विचारावा.