रामशेजचे साठ मुघल

मिनिएचर, म्हणजे चिमुकल्या आकृत्यांची, सैन्यं रंगवून देणं हा माझा धंदा. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक स्प्रे बूथ आहे, तोच माझा कारखाना. गेल्या श्रावणात दिंडोरीकडच्या एका गृहस्थांचं काम आलं. त्यांना टेबलावर रामशेज किल्ल्याचा वेढा मांडायचा होता, १६८२ साली सुरू झालेला, औरंगजेबाच्या सरदारांना वर्षानुवर्षं दमवणारा. गडावर मूठभर मावळे आणि खाली साठ मुघल, बहुतेक चिलखतवाले. आकृत्या प्लॅस्टिकच्या, २८ मिलिमीटरच्या.

प्रायमरचा, म्हणजे रंगाखाली देतात त्या पहिल्या थराचा, माझा हिशेब सोपा आहे: अंगावर जे जास्त, त्या रंगाचा डबा. मावळ्याच्या अंगावर लोखंड असतं किती? तलवार, भाल्याचं पातं, संपलं. ते ब्रशनं होतं, म्हणून त्यांना फिकट तपकिरी. मुघलांचं मात्र शिरस्त्राण, कड्यांचं जिरह, दस्ताने, घोड्याची पाखर सगळंच धातूचं. तिथं मेटॅलिक स्प्रे अख्खी संध्याकाळ वाचवतो. आर्मी पेंटर कंपनीच्या दोन छटा मी वापरतो, उजळ 'प्लेट मेल मेटल' आणि काळपट 'गन मेटल'. कड्यांच्या चिलखताला मी गन मेटलच घेतो. उजळ छटेवर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिला तरी सैन्य लग्नातल्या बँडवाल्यांसारखं चमकतं.

हार्डवेअरच्या दुकानातला चांदी रंगाचा डबा स्वस्त पडतो, हेही लोक सुचवतात. एकदा स्प्रूच्या, म्हणजे आकृत्या ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिच्या, तुकड्यावर मारून पाहिला होता. त्यातल्या सॉल्व्हंटनं प्लॅस्टिकच चिकट झालं. शिवाय तो प्रायमर नव्हेच. तो गेटाला मारायचा रंग, त्यावर ॲक्रिलिक धड बसत नाही.

तर तो दिवस. आठवडाभर पाऊस, गोदावरीतला दुतोंड्या मारुती पाण्यात. दुपारी दोनला आभाळ उघडलं आणि लख्ख ऊन पडलं. मला वाटलं, साधून घ्यावं. सहा लाकडी पट्ट्यांवर दहा-दहा स्वार चिकटवलेले तयारच होते. कड्यांची नक्षी रंगानं बुजू नये म्हणून डबा जरा लांबच धरला, आणि वीस मिनिटांत साठही उरकले. खाली जाऊन चहा घेतला.

परत येऊन बघतो तर सगळी फौज पिठात लोळवून काढल्यासारखी. चमक नाहीच, नुसती राख. बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. चेहऱ्यांवर तर देवी आल्यासारखं दिसत होतं. पुढच्या शनिवारी माल द्यायचा होता.

खालच्या मजल्यावरचे काका सातपूरला एका कंपनीच्या पेंट शॉपमधून रिटायर झालेत. त्यांना वर बोलावलं. त्यांनी एक घोडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अंतर किती ठेवलंस?"

"दीड फूट असेल."

"आणि हवा?"

मी गप्प. ओल मोजायचं यंत्र घरात कपाटावर होतं. आणून पाहिलं तर ८३ टक्के. ऊन पडलं होतं खरं, पण भिजलेली गच्ची त्याच उन्हात वाफ सोडत होती.

"अरे, यात चमकी असते ना, ती झोपली पाहिजे," काका म्हणाले. "रंग ओला असताना ती आडवी होते, मग आरशासारखा उजेड परत येतो. तू लांबून मारलंस, रंग वाटेतच सुकला. चमकी उभीच्या उभी राहिली."

ओलीचं त्यांनी वेगळं सांगितलं. डब्यातून सुटताना फवारा गार पडतो, सॉल्व्हंट उडताना आकृतीही गार पडते, आणि दमट हवेतलं पाणी नेमकं तिथं धरतं. साध्या काळ्या प्रायमरमध्ये हे थोडंफार खपून जातं. मेटॅलिक लगेच चुगली करतं.

मग रंग उतरवायला डेटॉल. हो, तेच. पाणी न घातलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर बुडवायचं आणि टूथब्रशनं घासायचं. पहिलं खळबळणंही डेटॉलमध्येच, कारण मध्येच पाणी लागलं तर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो. साबणपाणी शेवटी. आईनं घरात पाऊल टाकताच विचारलं, "कुणाला काय लागलं रे?"

अकरा स्वार मी घासले नाहीत. त्यांचे चेहरे वाचले होते, खरखर फक्त चिलखतावर होती. तिच्यावर काळ्याऐवजी तपकिरी वॉश सोडला, तर पावसाळे खाल्लेल्या लोखंडाचा गंज हुबेहूब उतरला. असा गंज मुद्दाम आणायला मला दोन तास लागतात.

उरलेल्या एकोणपन्नासांसाठी तीन दिवस यंत्राकडे बघत बसलो. चौथ्या दिवशी सकाळी काटा ६० च्या खाली आला. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला (कोमटच, गरम पाण्यात डबा फुटेल), पुसला, आतली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं मोजून हलवला. काका शेजारी खुर्ची टाकून बसले. अंतर वीतभर, फवारा आकृतीच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे जाऊन सोडायचा. पहिला हात इतका पातळ की राखाडी प्लॅस्टिक खालून दिसत होतं. मी बोट दाबायला गेलो की काका नुसतं "हं!" करायचे. दहा मिनिटं थांबून दुसरा हात उलट बाजूनं. चमकी झोपली.

मॅट वार्निश फक्त पगड्यांना आणि घोड्यांच्या अंगाला, तेही ब्रशनं. चिलखतावर ते गेलं असतं तर सगळी मेहनत पुन्हा राखाडी.

शनिवारी गृहस्थ आले. गंजके अकरा स्वार बघून म्हणाले, "हे वेढ्यात जुने झालेले दिसतात." मी हो म्हटलं. बिलात डेटॉलच्या बाटल्या मात्र लावल्या नाहीत.